काळी पडणारी बाटली

आमच्या कोडोलीत पाण्याची पारख डोळ्यांनी आणि जिभेनेच व्हायची. निवळशंख दिसले, गोड लागले, की पाणी चांगले! पण १९८१ साली कोल्हापूर शहरात काविळीची साथ पसरली, ती पाण्यातूनच.

पाण्यातला प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधणे अवघड असते. म्हणून तपासनीस आधी मैल्याची खूण शोधतात. जर्मन डॉक्टर एशेरिश यांनी १८८५ मध्ये आतड्यातल्या ज्या जंतूचे वर्णन केले, तो ई-कोलाय पाण्यात सापडला, की विष्ठा मिसळली असे समजावे. पण खेड्यात प्रयोगशाळा कुठून आणायची? ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये सोपा मार्ग दाखवला. रसायन लावलेला कागद असलेल्या बाटलीत पाणी भरून ती उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर मैल्याचा संशय घ्यायचा.

बाटली काळी पडली नाही, तरी निर्धास्त होऊ नये. काविळीचा विषाणू जंतूंपेक्षा चिवट असू शकतो. काळी पडली, तर मात्र पाणी उकळून प्यावे, टीसीएल पावडरीची मात्रा तपासावी आणि गटाराजवळची फुटकी पाइप आधी शोधावी.