विलीनीकरणाची चौकशी : ‘टोमको’ ते ‘रॅनबॅक्सी’

प्रस्तावना :
दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक होतात तेव्हा भागधारकास काय मिळणार याची चर्चा होते. ग्राहकासमोर कोणते पर्याय उरणार याची होतेच असे नाही. हा दुसरा प्रश्न भारतात कोणी व कसा विचारला, याचा आढावा प्रस्तुत लेखात दोन प्रकरणांच्या आधारे घेतला आहे.

पूर्वपीठिका :
मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ अन्वये मोठ्या उद्योगांच्या विलीनीकरणास केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक होती. उदारीकरणाच्या ओघात १९९१ मध्ये ही अट वगळण्यात आली. त्यानंतर हिंदुस्थान लिव्हर आणि टाटा ऑईल मिल्स (टोमको) या साबणाच्या बाजारपेठेतील प्रतिस्पर्धी कंपन्यांचे विलीनीकरण ठरले. कामगार व ग्राहक संघटनांनी त्यास हरकत घेतली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाने आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना मान्य केली. भागधारकांनी बहुमताने स्वीकारलेल्या योजनेतील व्यापारी निर्णयाची फेरतपासणी करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी यामागील भूमिका होती. बाजारपेठेवरील परिणाम विलीनीकरणापूर्वीच तपासणारी यंत्रणा त्या वेळी अस्तित्वातच नव्हती.

नवी कार्यपद्धती :
ही उणीव स्पर्धा अधिनियम, २००२ ने भरून काढली. मात्र विलीनीकरणविषयक तरतुदी १ जून २०११ पासून अमलात आल्या. विहित मर्यादेपेक्षा मोठा व्यवहार भारतीय स्पर्धा आयोगास आधी कळवावा लागतो. स्पर्धेला बाधा येईल असे प्रथमदर्शनी दिसल्यास आयोग कारणे दाखवा नोटीस देतो, व्यवहाराचा तपशील प्रसिद्ध करवितो आणि जनतेच्या हरकती मागवितो.

अशी सविस्तर चौकशी प्रथम झाली ती २०१४ मध्ये, सन फार्मा व रॅनबॅक्सी यांच्या प्रकरणात. येथे कळीचा मुद्दा होता ‘संबंधित बाजारपेठ’ कोणती हा. संपूर्ण औषध उद्योग हीच बाजारपेठ मानली असती, तर दोन्ही कंपन्यांचा एकत्रित वाटा मर्यादित भासला असता. परंतु रुग्णास एका औषधाऐवजी भलतेच औषध घेता येत नाही. म्हणून आयोगाने प्रत्येक औषधी रेणूनुसार स्पर्धा तपासली. ५ डिसेंबर २०१४ रोजी सात उत्पादने विकण्याच्या अटीवर मंजुरी मिळाली. ती उत्पादने पुण्याच्या एमक्युअर कंपनीने घेतली.

निष्कर्ष :
वीस वर्षांत प्रश्न बदलला, हे या प्रकरणांवरून स्पष्ट होते. ‘भागधारक राजी आहेत काय?’ याच्या जोडीला ‘ग्राहकास पर्याय उरतो काय?’ हाही प्रश्न आला. २०२४ पासून चौकशीची कालमर्यादा २१० ऐवजी १५० दिवसांची झाली आहे. त्यामुळे एवढी बारकाईची तपासणी कमी अवधीत करावी लागेल. शिवाय १९९४ मध्ये न्यायालयात उभ्या राहिलेल्या कामगाराचे काय? अधिनियमाने आयोगाला विचारात घेण्यास सांगितलेल्या निकषांत रोजगाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. ग्राहकाचा प्रश्न कायद्यात आला. कामगाराचा अद्याप बाहेरच आहे.