पाणी एच-टू-ओच कशावरून?

शनिवारी सकाळी जरा उशिरा उठून चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात भाचीचा फोन. यंदा नववीत आहे.

"मामा, पाणी एच-टू-ओ असतं हे कुणी मोजलं?"

मी म्हटलं, "अगं सोपं आहे. हायड्रोजनची संयुजा एक, ऑक्सिजनची दोन. म्हणून एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात."

"हो, पण ऑक्सिजनची संयुजा दोन कशावरून?"

"कारण पाण्यात तो दोन हायड्रोजनशी..." एवढं बोललो आणि गप्प झालो. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. अ ला ब लागतो, ब ला अ लागतो, आणि बिल्ड काही होत नाही.

वर्गात तिने बाईंना हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "परीक्षेत हे येत नाही, पाठ कर." मलाही शाळेत हेच उत्तर मिळालं होतं आणि मी मुकाट्याने पाठ केलं होतं. तिला म्हटलं, "उद्या फोन करतो." आणि शनिवार त्यातच गेला. हाती जे लागलं ते सांगतो, कारण या प्रश्नावर युरोपातले भलेभले पन्नास वर्षं अडकून पडले होते.

सुरुवात जॉन डाल्टनपासून. हा मँचेस्टरचा शिक्षक. १८०८ साली त्याने अणुसिद्धांतावरचं पुस्तक काढलं. अणू डोळ्याला दिसत नाहीत, तराजूत एकेक घालता येत नाहीत. मोजता येतं ते फक्त मोठ्या ढिगाचं वजन. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजन आणि साधारण आठ भाग ऑक्सिजन असतो. (डाल्टनच्या यादीत हा आकडा ७ होता, त्या काळची मोजमापं तेवढीच बरी होती.) आता पाणी जर एच-ओ असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड. एच-टू-ओ असेल, तर १६ पट. दोन्ही उत्तरं वजनाशी तंतोतंत जुळतात! समीकरण एक आणि अज्ञात दोन. सूत्र कळल्याशिवाय अणूचं वजन कळत नाही, आणि वजन कळल्याशिवाय सूत्र कळत नाही.

डाल्टनने मग कुठलाही वैतागलेला इंजिनिअर करतो तेच केलं. एक डिफॉल्ट व्हॅल्यू ठेवली. दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर ते एकास एक धरायचं. म्हणून पाणी एच-ओ, आणि अमोनिया एन-एच. गृहीतक म्हणून वाईट नव्हतं. फक्त चुकीचं होतं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक वजनाऐवजी वायूंचं आकारमान मोजत होता. त्याला दिसलं की वायू नेहमी साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात संयोग पावतात. दोन लिटर हायड्रोजन, एक लिटर ऑक्सिजन, आणि तयार होते दोन लिटर वाफ. (सगळं एकाच तापमानाला आणि दाबाला मोजायचं, आणि अर्थात वाफ वाफच राहील इतकं गरम.)

आता जरा थांबून विचार करा. तीन लिटरचे दोन लिटर झाले, हे एक वेळ ठीक. पण एक लिटर ऑक्सिजनमधून दोन लिटर वाफ? वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन तर हवाच. मग ऑक्सिजनचा प्रत्येक कण अर्धा चिरला गेला का? अणू तर चिरता येत नाही! म्हणून डाल्टनने गे-ल्युसॅकची मोजमापंच मानायला नकार दिला.

१८११ साली इटलीतल्या तुरीनच्या अमेडिओ आव्होगाद्रोने ही गाठ सोडवली. हा गृहस्थ मूळचा वकील! त्याचं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. एक, सारख्या तापमानाला आणि दाबाला कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखीच असते. दोन, हे कण म्हणजे सुटे अणू असतीलच असं नाही, एकाच मूलद्रव्याचे दोन अणू हातात हात घालून फिरत असतील.

बस्स. चिरला जातो तो अणू नाही, रेणू. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, म्हणून एका लिटरमधून दोन लिटर वाफ. तसंच एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर क्लोरीन मिळून दोन लिटर हायड्रोजन क्लोराइड होतो, म्हणजे हायड्रोजनचा रेणूही जोडीचा. आणि दोन लिटर हायड्रोजनपासून दोन लिटर वाफ होते, म्हणजे वाफेच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनची एक अख्खी जोडी. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एच-टू-ओ. संयुजेचं नावही न घेता!

एवढं सोपं उत्तर १८११ मध्ये हजर होतं. मग ते मान्य व्हायला १८६० का उजाडावं लागलं?

कारण त्या काळच्या शहाण्यांना ते अडाणीपणाचं वाटलं. स्वीडनचा बर्झेलियस म्हणजे तेव्हाचा फार मोठा माणूस. त्याच्या मते अणू एकत्र येतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे. मग दोन सारखे ऑक्सिजन एकमेकांना चिकटतीलच कसे? त्यात पारा, फॉस्फरस, गंधक यांच्या वाफा मोजल्यावर हिशोब चुकायला लागला. आज आपल्याला माहीत आहे की पाऱ्याच्या वाफेत सुटे अणू असतात आणि फॉस्फरसच्या वाफेत चारचा घोळका. पण तेव्हा सगळे कण जोडीचेच असं धरून बसलेल्याला हा नियमच खोटा वाटणार.

परिणाम काय, तर नुसता गोंधळ. कुणी ऑक्सिजनचं वजन ८ धरी, कुणी १६. १८६१ साली केकुलेने आपल्या पुस्तकात अॅसेटिक अॅसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा वापरात असलेली १९ वेगवेगळी सूत्रं छापली. एकोणीस! प्रत्येक टीमचं कोडिंग स्टँडर्ड वेगळं असावं तसं.

हा घोळ निस्तरायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी सव्वाशेहून जास्त रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली आणि एकमत काही झालं नाही (मीटिंगा तेव्हाही अशाच असायच्या). पण सिसिलीच्या स्टानिस्लाओ कानिझारोने तिथे आव्होगाद्रोची बाजू लावून धरली, आणि निघताना त्याची १८५८ सालची एक पुस्तिका वाटली गेली. त्याची युक्ती अशी. हायड्रोजन असलेली, वायुरूपात मोजता येणारी संयुगं घ्या आणि प्रत्येकाच्या रेणूत हायड्रोजनचं वजन किती ते काढा. जो सगळ्यात लहान वाटा निघतो आणि ज्याच्या पटीत बाकीचे सगळे येतात, तो अणू. प्रत्येक मूलद्रव्याचं असंच करायचं. अपवादांसकट सगळा हिशोब जुळला. श्रोत्यांत एक तरुण रशियन होता, मेंडेलीव्ह. त्याने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, ती या सुधारलेल्या अणुभारांच्या जोरावर.

आव्होगाद्रो मात्र १८५६ मध्येच वारला होता. आपण ज्याला आव्होगाद्रो अंक म्हणतो तो त्याने कधी काढलाही नव्हता. ते नाव १९०९ मध्ये फ्रान्सच्या पेरँने दिलं.

रविवारी भाचीला हे सगळं सांगितलं. लिटरचा हिशोब तिने वहीत स्वतः मांडला आणि उत्तर माझ्याआधी काढलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न बावळट नव्हता?"

नव्हता गं. डाल्टनसारखा माणूस त्यात चुकला होता. 'पाठ कर' म्हणून आपण मुलांना उत्तर देतो, पण ते उत्तर खरं कशावरून हे विचारायची सवय मात्र काढून घेतो. माझी गेलीच होती. तिची अजून शाबूत आहे.