सहा गठ्ठ्यांची कुळकथा

सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्त बसतात. मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचा महसुली कारभार त्यांच्या अखत्यारीत येतो. त्याच बेलापुरात स्टेशनच्या डोक्यावर सिडकोने बांधलेल्या मजल्यांवर, आणि पुढे महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत, हजारो तरुण दिवसभर आउटलुक आणि एक्सेल उघडून बसलेले असतात. इनबॉक्स कसा आवरावा याचे धडे त्यांना अधूनमधून कंपनीकडून मिळतात. त्या धड्यांत अमेरिकेतली नावे येतात. मराठी सरकारी दप्तरात ही विद्या फार आधीपासून आहे, आणि तिचे नाव ‘सहा गठ्ठे पद्धत’ आहे, हे मात्र त्यांत येत नाही.

पद्धत अशी. टेबलावर येणारा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात जायलाच हवा. ज्यावर मला काही करायचे आहे ते प्रलंबित. माझे काम झाले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ते प्रतीक्षाधीन. दर महिन्याला, तिमाहीला पाठवायची विवरणे ती नियतकालिके. शासन निर्णय, परिपत्रके यांची स्थायी आदेश संचिका. काम संपले पण कागद जपायचा, तो अभिलेख कक्षाकडे. आणि मुदत संपली की नष्ट करायचा, तो सहावा गठ्ठा.

यातली मेख विषयवारीत नाही. आपण फोल्डर करतो ते ‘वित्त’, ‘एचआर’, ‘अमुक ग्राहक’ असे. त्यामुळे कागद कशाबद्दल आहे ते कळते; तो कुठे अडलाय, हे कळत नाही. सहा गठ्ठे कागदाची अवस्था विचारतात. प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे वेगळे काढणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी अक्कल, असे माझे मत आहे. आपल्या इनबॉक्समध्ये दोन्ही एकाच ढिगात पडलेले असतात, म्हणून स्मरणपत्र कोणाला धाडायचे आणि उत्तर कोणाला द्यायचे, हे रोज नव्याने आठवावे लागते.

हे कूळ जुने आहे. पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधलेल्या रुमालांत आहेत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात असे ३४ हजारांवर रुमाल आहेत. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे इनाम कमिशनने इनामांचे दावे याच दप्तराशी ताडून पाहिले. रुमालात कागद सापडतो की नाही, यावर घरादाराची इनामे टिकत किंवा जात. पुढे विसाव्या शतकात एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या महसुली हिशेबाची नियमावली लिहिली. तलाठ्याचे गाव नमुने तिथून आजच्या कर्मचाऱ्यापर्यंत आले.

त्या नमुन्यांत डोकावले की एक्सेल ओळखीचे वाटू लागते. सात-बारा गटानुसार असतो: या गटात कोणाचा किती हिस्सा. नमुना आठ-अ खातेदारानुसार: या माणसाचे कोणत्या कोणत्या गटात किती. माहिती तीच, फक्त दुसऱ्या बाजूने फिरवलेली. संगणकावर हे फिरवणे, म्हणजे आजचे पिव्होट टेबल, आले ते लोटस इम्प्रॉव्ह या प्रणालीतून, १९९१ साली. तिच्यामागे पिटो सालास हे नाव घेतले जाते. तलाठी तो आठ-अ हाताने लिहीत असे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसीकॅल्कने १९७९ मध्ये कोष्टकातला एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील, ही सोय आणली. रांगा आणि स्तंभ मात्र कारकुनाला नवे नव्हते.

सहा गठ्ठ्यांना पुन्हा धार आली ती अहमदनगरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना तिथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची बैठक बदलली, अभिलेख कक्ष उपसला, कागदांचे वर्गीकरण लावले. पुढे राज्यभरच्या कार्यालयांत ‘लखिना पॅटर्न’ हे नाव घेतले जाऊ लागले. वर्गीकरण सोपे: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे, ‘ड’ वर्षभर; सहावा गठ्ठा या ‘ड’चाच. कागदाची मुदत तो हातावेगळा होतानाच ठरते.

गठ्ठ्यांच्या जोडीला कार्यविवरण नोंदवही असते: आवक दिनांक, कोणाकडून, विषय, केलेली कार्यवाही, निकाली दिनांक, आणि आठवड्याचा गोषवारा. २००५ च्या अधिनियमाने, ज्याला सगळे ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात, सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे सांगितले. हीच नोंदवही एक्सेलमध्ये उतरवायला पाच मिनिटे लागतात. एका स्तंभात ‘नेटवर्कडेज’ सूत्र घाला. आवक दिनांकापासून आजपर्यंतचे कामाचे दिवस ते मोजते. ते पहिला दिवसही धरते, म्हणून एक वजा करायला विसरू नका. सातच्या पुढची रांग तांबडी करण्याची सोय कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये आहे. गंमत म्हणजे हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरूनच चालते, आणि महाराष्ट्र सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून.

२००१ मध्ये डेव्हिड अॅलन यांचे ‘गेटिंग थिंग्ज डन’ आले. पुढचे पाऊल, वाट पाहतोय, संदर्भासाठी, टाकून द्या, असे त्यांचे कप्पे. २००७ मध्ये मर्लिन मान यांनी गूगलमध्ये ‘इनबॉक्स झीरो’वर भाषण दिले. अॅलन वा मान यांनी लखिनांची पद्धत घेतली असे कोणी म्हणू नये. कामाचा ढीग तोच, म्हणून वाटही तीच निघाली, एवढेच.

फरक पडला तो सहाव्या गठ्ठ्यात. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले ते एक गिगाबाइट जागा घेऊन. काही पुसू नका, शोधा आणि मिळवा, हा जीमेलचा सांगावा. त्या दिवसापासून ‘ड’ वर्ग संपला. बिगबास्केटच्या सवलती, चार वर्षांपूर्वीच्या बैठकीची वेळ बदलल्याची सूचना आणि कराराचा अंतिम मसुदा एकाच शोधपेटीतून वर येतात. शोधायचे काय ते आठवत असेल तरच शोध चालतो. प्रलंबित काम आठवतच नसते, म्हणून तर ते प्रलंबित.

तेव्हा सोमवारी फोल्डर करायला बसाल तर विषयांची नावे देऊ नका. सहाच करा, आणि सुरुवात ‘ड’पासून करा. तत्पूर्वी कंपनीचा जपणुकीचा नियम वाचा. दप्तरातही मुदतीआधी कागद फाडता येत नाही.