पंचगंगेच्या वर, वर्ष २२७७

वर्ष २००८. कार्तिक, त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ. तुम्ही बनारसमध्ये मंगला गौरीच्या गल्लीत आहात आणि समोरून एक गाय येते आहे. गल्ली इतकी अरुंद की दोघांपैकी एकाने भिंतीला चिकटायलाच हवं. तुम्ही चिकटता. तिच्या अंगाची ऊब सदऱ्यातून आत येते, शेपटीचा फटका मनगटावर बसतो, आणि ती आपल्या वाटेने निघून जाते. खाली पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढल्या आहेत, प्रत्येकीत एक आकाशदिवा. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाणारी दगडी दीपमाळ उजळून निघाली आहे.

ही तीच मंगळागौर, जिची पूजा महाराष्ट्रात श्रावणी मंगळवारी नव्या नवऱ्या मांडतात. इथे तिचं स्वतःचं देऊळ आहे, गभस्तीश्वराच्या सोबतीने. काशीखंडातली कथा अशी की सूर्याने इथे तप केलं आणि त्याच्या घामाची किरणा नदी झाली. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मिळून पंचगंगा. डोळ्यांना दिसते ती फक्त गंगा. याच महिन्याच्या ४ तारखेला केंद्र सरकारने तिला राष्ट्रीय नदी जाहीर केलं आहे. १९८६ साली गंगा कृती योजना याच शहरातून सुरू झाली, त्याला २२ वर्षं उलटली. पाणी कसं आहे ते घाटावर रोज बुडी मारणाऱ्याला कुणी सांगायला नको.

तुमचं वय २४. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांपैकी एक घर तुमचं. उंबऱ्याबाहेर बनारसी बोली, आत मराठी. आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेली, न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाने आणलेली डीव्हीडी : फॉलआउट ३.

ती अशी लपवायचं खरं तर काही कारण नाही, पण दिवाळीच्या आठवडाभर आधीची बातमी तुमच्या मनातून गेलेली नाही. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचा विचार करून एक्सबॉक्स ३६० वरचा हा खेळ इथे आणणार नाही. नेमकं काय खटकेल ते सांगितलं नाही. मालिका खेळलेल्यांनी मात्र लगेच ताडलं. अणुयुद्धानंतरच्या या जगात किरणोत्सर्गाने बदललेल्या, दोन तोंडांच्या गायी आहेत, त्यांचं नाव ‘ब्राह्मिन’ आहे, आणि त्यांचं मांस खाल्लं जातं. २८ ऑक्टोबरला अमेरिकेत खेळ दुकानांत लागला, तेव्हा तुमच्याकडे लक्ष्मीपूजन चालू होतं.

जिना चढा. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जुळवून घेतलेला कॉम्प्युटर आहे. पेंटियम ४, एक जीबी रॅम. या खेळाला निदान एवढं तरी लागतंच. वीज गेली की यूपीएस टूं टूं करायला लागतो, तेव्हा खेळ आधीच सेव्ह करून ठेवायची सवय तुमच्या बोटांना आहे. डीव्हीडी घाला.

या खुर्चीत तुम्ही दहा वर्षांची आठवण घेऊन बसला आहात. १९९७ साली इंटरप्लेच्या टिम केन आणि त्यांच्या चमूने पहिला फॉलआउट केला. २३ ऑक्टोबर २०७७ ला जग जळालं, माणसं जमिनीखालच्या व्हॉल्टमध्ये गेली. व्हॉल्ट १३ मधली पाणी शुद्ध करणारी चिप निकामी झाली आणि ती शोधायला तुम्हाला १५० दिवस मिळाले. वरून दिसणारा, पट मांडल्यासारखा तो खेळ पाण्यापासून सुरू झाला होता. १९९८ चा दुसरा भाग त्याहून पसरट आणि बोलका. तिसरा भाग बनत होता, पण इंटरप्ले डबघाईला आली आणि २००३ मध्ये ते काम बंद पडलं. मग बेथेस्डाने हक्क घेतले. पाच वर्षं तुम्ही याच प्रश्नाशी जगलात : दुसऱ्याच्या हातात गेलेली गोष्ट आपली राहील का?

आता दार उघडतंय. व्हॉल्ट १०१ चं लोखंडी चाक बाजूला सरकतं, बोगदा संपतो, आणि पडदा पांढराफटक होतो. जन्मात सूर्य न पाहिलेल्या माणसाचे डोळे दिपतात तसा. हळूहळू पांढऱ्यातून तपकिरी फुटतं. मोडलेला रस्ता, काळे बुंधे, छपरं उडालेली घरं, लांबवर वॉशिंग्टनचा स्तंभ. वर्ष २२७७. दोनशे वर्षांपूर्वी जळालेलं जग पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आलं आहे. आधीच्या दोन भागांत तुम्ही ते वरून पाहिलंत, इथे तुम्ही त्यात उभे आहात. मनगटावरच्या पिप-बॉयमध्ये गॅलेक्सी न्यूज रेडिओ लावा. अणुयुद्धापूर्वीची गोड गाणी वाजत राहतात आणि तुम्ही राखेतून चालत राहता. वाटेतल्या एखाद्या पडक्या घरात दोन सांगाडे एकाच पलंगावर हातात हात घालून पडलेले असतात. कुणी काही सांगत नाही, तरी कळतं. हे काम बेथेस्डाने मन लावून केलं आहे आणि त्याची थोरवी कबूल करायलाच हवी.

मेगाटनच्या फाटकाबाहेर थांबा. तिथे एक माणूस बसला आहे. पैसे नाही मागत, शुद्ध पाणी मागतो. तुमच्याकडच्या बाटल्या मोजक्या आहेत. बाकी जे पाणी मिळेल ते प्यायलं की गायगर काउंटर कडकडतो आणि अंगात किरणोत्सर्ग साचतो. एक बाटली त्याला द्या. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं येतात : तुमचं कर्म वाढलं. खेळात हिशेबाच्या खात्याचं नावच कर्म आहे. पाणपोईला पुण्य मानणाऱ्या माणसाला हे समजायला टीप लागत नाही. आणि फाटकाच्या आत, गावाच्या मधोमध, न फुटलेला अणुबॉम्ब आहे. त्याच्या भोवतीच्या डबक्यात उभा राहून एकजण त्या बॉम्बचं स्तवन करतो. बॉम्ब निकामी करायचा की फोडायचा, ते तुम्ही ठरवायचं.

पुढच्या वाटेवर फिरत्या व्यापाऱ्यासोबत ती चालत येते, पाठीवर बोचकी लादलेली, केस झडून कातडी लालसर पडलेली, एका मानेशेजारी दुसरी मान. तेवढ्यात घाटावरून आरती करून आलेली आजी प्रसाद द्यायला खोलीत येते आणि पडद्यासमोर थबकते. तुमचा हात माउसवर गोठतो.

“अगंबाई, हिला दोन तोंडं!” ती चष्मा नीट करते. “पोट एकच ना? मग चारा कुणी खायचा, हे कसं ठरवतात रे?”

“माहीत नाही आजी. तिकडे सगळीकडे विषारी पाऊस पडला होता, त्याने अशी झाली.”

“बिचारी,” आजी म्हणते. “एवढं होऊनही ओझं वाहतेच आहे.” ती पेढा तुमच्या हातावर ठेवते आणि निघून जाते.

आता इथून एक उडी मागे घ्या. हीच कार्तिकी पौर्णिमा, हीच नगरी, शके १४९५, म्हणजे १५७३ साल. खिडकीबाहेर वायर नाही, दिवे तेलाचेच. पैठणला पाच अध्याय लिहून झालेला भागवताचा मराठी ग्रंथ एकनाथ आज काशीत पुरा करताहेत. परंपरा सांगते की मराठीतलं भागवत पाहून काशीचे पंडित संतापले. त्यांनी नाथांना बोलावून घेतलं, ग्रंथ ऐकला, वाद घातला, आणि अखेर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली. रागही खरा होता आणि मानही. मधली पायरी होती ऐकण्याची. भागवत आणि व्हिडिओ गेम एका तराजूत घालायचे नाहीत. पण आक्षेप घ्यायचा तर आधी समोर बसून ऐकायचं, ही रीत या गावाने त्या दिवशी पाळली. २००८ साली आपल्या वतीने दुसऱ्यांनी दुखावून घेतलं आणि ही पायरीच काढून टाकली.

परत या, कारण वाद घालण्यासारखं या खेळात खरंच पुष्कळ आहे. रात्री जागून तुम्ही शेवटाकडे येता, तेव्हा तुमची तक्रार गायीबद्दल नसते. ती शब्दांबद्दल असते. पहिल्या फॉलआउटमध्ये ‘मास्टर’ या खलनायकाला एकही गोळी न झाडता हरवता येतं. त्याने घडवलेली नवी प्रजा वांझ आहे, याचा पुरावा आधी धुंडाळावा लागतो. तो समोर ठेवला की त्याच्या जगण्याचं प्रयोजनच कोसळतं आणि तो स्वतःला संपवतो. इथे शत्रूपक्षाच्या राष्ट्राध्यक्ष ईडनला संपवायला संवादाचा एक पर्याय पुरतो. पटवण्याचं कसब पुरेसं असलं की काम झालं. मेगाटन उडवून एक अख्खं गाव राख केलंत, तरी ज्या वडिलांना शोधायला घर सोडलं ते चार शब्दांत नाराजी दाखवतात आणि प्रवास पुढे चालू. आवाज लियाम नीसनचा आहे, पण त्याला बोलायला दिलंय काय? आधीच्या भागांत मंदबुद्धी पात्र घेतलं तर सगळं जग तुमच्याशी वेगळं बोलायचं. आता जग सगळ्यांशी साधारण सारखंच बोलतं.

आणि तरी गोष्टीचा गाभा पाहा. वडिलांनी आयुष्य घातलं ते ‘प्रोजेक्ट प्युरिटी’त : जेफरसन स्मारकात बसवलेलं यंत्र, पोटोमॅकच्या काठचं विषारी झालेलं पाणी सगळ्यांसाठी फुकट शुद्ध करणारं. नदी शुद्ध करायची योजना, मध्येच थांबलेलं काम, आणि तयार होण्याआधीच तिच्यावर ताबा मिळवायला आलेले सत्ताधारी. हे मंगला गौरीच्या गल्लीतल्या पोराला जितकं कळेल तितकं क्वचितच कुणाला. जो खेळ आपल्याला झेपणार नाही असं ठरवलं गेलं, तो नदीकाठच्या माणसाच्या सर्वांत जवळचा होता.

यंत्र चालू करायला कुणीतरी किरणोत्सर्गाच्या कोठीत जाऊन मरायला हवं. शेजारी तुमचा सोबती फॉक्स उभा आहे, ज्याला किरणोत्सर्ग बाधत नाही. त्याला सांगा. तो म्हणतो, हे तुझं प्राक्तन आहे. इथे तुम्ही टेबलावर हात आपटता, आणि बरोबर करता. त्याग मोठा तेव्हाच, जेव्हा दुसरी वाट नसते. वाट समोर असताना लेखकाने ती बुजवली तर तो त्याग उसना होतो.

उद्याची बातमी तुम्हाला आज सांगता येते. मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ ही जोड येईल. तिच्यात फॉक्स कोठीत जाईल, तुम्ही जगाल, आणि शुद्ध पाण्याची पिंपं गायींच्या पाठीवरून गावोगाव निघतील. मग खरा प्रश्न सुरू होईल, ते पाणी कुणाला पोहोचतं आणि वाटेत कोण अडवतं. २०१० मध्ये, जुन्या चमूतले काहीजण असलेली ऑब्सिडियन ‘न्यू वेगास’ करेल आणि शब्दांना त्यांचं वजन परत मिळेल. न्यू वेगासमधली माणसं फॉलआउट ३ मधल्यांपेक्षा चांगली बोलतात. पण व्हॉल्टच्या दारातला तो उजेड त्या खेळाकडे नाही.

सकाळी मावसभाऊ विचारेल, “कसा आहे रे?” एका शब्दात उत्तर देऊ नका. त्याला जिन्यात बसवा. सांगा की या भागाने आपल्याला चालायला अख्खा देश दिला आणि बोलायला फारच थोडं. सांगा की आधीचे दोन भाग पोटाशी धरून बसलात तर यातलं चालणं अनुभवता येणार नाही, आणि नुसत्या चालण्यावर भाळलात तर काय गमावलं ते कळणार नाही. मग डीव्हीडी त्याच्या हातात द्या, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐका.