गेम कन्सोल : उन्हाळ्यातील निगा (यवतमाळ जिल्हा)

गेम कन्सोल : टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र. त्यात तयार होणारी उष्णता वेळच्या वेळी बाहेर पडावी आणि यंत्र तापून बंद पडू नये, यासाठी करावयाची व्यवस्था हा या नोंदीचा विषय आहे. सोनी आणि निन्टेन्डो या कंपन्यांनी आपली यंत्रे ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या जागेत वापरावीत असे सांगितले आहे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४२ ते ४४ अंशांच्या घरात असतो आणि काही दिवस ४५ च्याही पुढे जातो. म्हणून या जिल्ह्यात कन्सोलची निगा म्हणजे आधी तो ठेवलेल्या खोलीची निगा होय.

उष्णतेचा उगम आणि निचरा : कन्सोल जेवढी वीज घेतो तिचा जवळजवळ सगळा भाग शेवटी उष्णतेत बदलतो. सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर भारी खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज लागते. पाच तासांच्या खेळात एक युनिट वीज जळते आणि तेवढीच उष्णता खोलीत उतरते. तिचा मोठा वाटा जेमतेम तीन चौरस सेंटिमीटरच्या मुख्य चिपमध्ये तयार होतो. तिथून ती थर्मल पेस्टसारख्या उष्णतावाहक थरातून धातूच्या नळ्यांकडे, नळ्यांतून पातळ पात्यांकडे जाते आणि पात्यांवरून वाहणारी पंख्याची हवा ती बाहेर नेते. आत शिरलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर पडते असे धरले, तर २०० वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला १७ ते १९ लिटर, म्हणजे बादलीभर हवा लागते. पंखा हवा फक्त हलवतो, ती थंड करत नाही. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर आतला प्रत्येक भाग साधारण १५ अंशांनी अधिक तापतो. यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील रूढ ठोकताळा आहे. यंत्र बंद पडले नाही म्हणजे त्याला उष्णता बाधली नाही, असे यामुळे म्हणता येत नाही.

यंत्रांची रचना : प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला. पहिल्या आवृत्तीत १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे. तो दोन्ही बाजूंनी हवा ओढतो आणि मागून बाहेर फेकतो. चिप आणि उष्णताशोषक यांच्यामध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला आहे. हा कन्सोल खोलीच्या तापमानानुसार आपला वेग बदलत नाही. त्याचे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये सांगितल्याप्रमाणे चिपचा वेग विजेच्या वापराच्या हिशेबावर ठरतो, त्यामुळे खेळ थंड खोलीत आणि गरम खोलीत सारखाच चालतो. यवतमाळच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मे महिन्यातही यंत्र उष्णता कमी तयार करणार नाही. वाढेल तो पंख्याचा वेग, आणि तोही पुरला नाही की पडद्यावर यंत्र फार तापल्याची सूचना येईल. एक्सबॉक्स सिरीज एक्स हे यंत्र उभ्या ठोकळ्यासारखे असून त्याच्या माथ्यावरचा मोठा पंखा गरम हवा वर सोडतो. म्हणून त्याच्या डोक्यावर काहीही ठेवता कामा नये. हातात धरून खेळण्याच्या यंत्रांनाही ३५ अंशांची मर्यादा लागू आहे. जुलै २०२२ मध्ये जपान आणि युरोपात उन्हाळा कडक झाला, तेव्हा निन्टेन्डोने ‘स्विच’ आणि व्हॉल्व्ह या कंपनीने ‘स्टीम डेक’ ३५ अंशांच्या आत वापरण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. स्टीम डेकची चिप १०० अंशांवर वेग कमी करते आणि १०५ अंशांवर यंत्र बंद होते, असेही व्हॉल्व्हने तेव्हा स्पष्ट केले होते.

उष्णतेची हेळसांड किती महाग पडते याचे सर्वांत मोठे उदाहरण एक्सबॉक्स ३६० चे आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्राच्या चिपमधील सूक्ष्म सांधे वारंवार तापण्या-निवण्याने तुटत आणि पुढच्या बटणाभोवती लाल दिवे लागत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

घर आणि जागा : जिल्ह्यातील शहरांत, म्हणजे यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड येथे, सिमेंटच्या स्लॅबची घरे पुष्कळ आहेत, तर खेड्यांत कवेलूची आणि टिनाची छपरेही आहेत. टिनाखालची खोली दुपारी सर्वाधिक तापते आणि सूर्य कलला की लवकर निवते. स्लॅबचे उलट आहे. दिवसभर शोषलेली उष्णता तो काही तासांनी खाली सोडू लागतो. बाहेर संध्याकाळची झुळूक सुटलेली असते तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली मात्र भट्टीसारखी असते, आणि मुले खेळायला बसतात ती नेमकी याच वेळी. स्लॅबच्या घरात खेळण्यास सर्वांत योग्य वेळ पहाटेपासून सकाळी दहापर्यंतची आहे. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिल्यास स्लॅब कमी तापतो. तळमजल्यावरची, पश्चिमेला बाहेरची भिंत नसलेली खोली कन्सोलसाठी उत्तम.

खोलीत यंत्राची जागाही महत्त्वाची आहे. दिवाणखान्यातील शोकेस किंवा भिंतीतला कोनाडा ही यंत्रासाठी सर्वांत वाईट जागा होय. मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून पुढे येते आणि यंत्र तीच पुन्हा ओढते. काचेची दारे लावली, तर काही मिनिटांत कप्प्याचे तापमान खोलीपेक्षा कितीतरी वर जाते. सोनीच्या सूचनेनुसार यंत्र भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर असावे आणि जाड गालिच्यावर ठेवू नये. गादी, सतरंजी आणि टीव्हीवर घालतात तसा विणलेला रुमाल या तिन्ही गोष्टी यंत्रापासून लांब ठेवाव्यात. सेट टॉप बॉक्स, राउटर किंवा इन्व्हर्टर यांच्यावर कन्सोल रचू नये. उघड्या लाकडी टेबलावर, चारही बाजू मोकळ्या ठेवून आणि उन्हाची तिरीप येणार नाही अशा ठिकाणी तो ठेवावा.

कूलरचा उपयोग आणि मर्यादा : विदर्भातील उन्हाळा कोरडा असतो, म्हणून येथे कूलर उत्तम चालतो. बाहेर ४३ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर हवा सुमारे २८ अंशांपर्यंत खाली आणू शकतो. एसी नसलेल्या घरात ३५ अंशांची मर्यादा पाळण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे. पण कूलरमधून येणारी हवा थंड असते तशी दमटही असते. वरील उदाहरणात तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय वेगाने फिरणारा पंखा ताट्यांवरचे बारीक तुषार सोबत आणतो. बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात, आणि जिल्ह्याच्या अनेक भागांत भूजल जड आहे. कूलरच्या जाळीवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर साचतो, तोच तुषारांवाटे यंत्राच्या आत जाऊन बसतो आणि ओलाव्याबरोबर धातू खातो.

यासाठी कन्सोल कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. कूलर खोली थंड करील आणि कन्सोल त्या खोलीतली हवा घेईल, अशी मांडणी असावी. कूलर एका खिडकीत आणि कन्सोल त्याच्या बाजूच्या भिंतीशी ही मांडणी चांगली. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. दमट हवेला वाट मिळाली नाही तर खोली तासाभरात कोंदट होते आणि कूलरचा गुण जातो. कूलर सुरू करून खोली निवल्यावरच खेळ सुरू करावा. मृगाच्या सरी आल्या की हवेतील ओल वाढते, कूलरचे काम संपते आणि तेव्हा छताचा पंखा व मोकळी खिडकी पुरते. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून विदर्भात दर उन्हाळ्यात जीवघेणे अपघात होतात. कूलरला अर्थिंग असलेच पाहिजे, आणि कन्सोल व कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नयेत.

धूळ आणि कापसाचे तंतू : यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत अनेक शेतकरी घरातच, पुष्कळदा समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवतात. जिनिंगच्या परिसरातील घरांत तर हंगामभर हवेत बारीक तंतू तरंगत असतात. साधी माती जाळीतून आरपार जाते किंवा खाली बसते. तंतूंचे तसे नाही. ते जाळीवर आडवे अडकतात, त्यावर काळ्या मातीची धूळ धरते आणि महिना-दोन महिन्यांत हवा येण्याच्या फटीवर राखाडी, नमद्यासारखा दाट थर तयार होतो. बोटाने ओढला तर तो अखंड पट्टीसारखा निघून येतो. असा थर बसलेल्या यंत्राचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि तरी मागून येणारी हवा क्षीण असते. वणीकडे कोळशाच्या खाणी असल्याने तिथे काळ्या धुळीची भर पडते.

बाहेरच्या फटी दर पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ ब्रशने झाडाव्यात. कापूस घरात असेपर्यंत दर आठवड्याला झाडणे बरे. प्लेस्टेशन ५ ची बाजूची पांढरी आवरणे स्क्रू न काढता निघतात. आत धूळ साठवण्याची छिद्रे मुद्दाम दिलेली आहेत, ती हलक्या ओढीच्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करता येतात. दुरुस्तीच्या दुकानातला ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, कारण झोताने अतिवेगाने फिरलेला पंखा खराब होऊ शकतो. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांची थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळते, ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र चिपपर्यंत कोणी हात घालू नये. आतला द्रवरूप धातू विजेचा वाहक आहे, आणि त्याचा थेंब सर्किटवर सांडला तर यंत्र कायमचे जाते. गरम यंत्राच्या आडोशाला झुरळे आणि मुंग्याही येतात. जवळपास खरकटे न ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

वीजपुरवठा : उन्हाळ्यात मागणी वाढते, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि वीज अचानक जाते. खेळ चालू असताना असे झाले की पंखा त्या क्षणी थांबतो आणि तापलेल्या पात्यांतली उष्णता आतच कोंडते. ऑनलाइन प्रकारचा किंवा शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस असेल, तर खेळ जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. तो नसेल तर वीज जाताच प्लग काढावा आणि वीज आल्यावर काही मिनिटे थांबून, दाब स्थिर झाल्याची खात्री करूनच पुन्हा लावावा.

तापल्याची लक्षणे आणि तातडीचे उपाय : पंख्याचा आवाज एकाएकी वाढणे, चित्र अडखळणे, खेळ मध्येच बंद होणे आणि पडद्यावर सूचना येणे ही लक्षणे होत. सूचना आल्यास खेळातून बाहेर पडून मेनूमधून यंत्र बंद करावे, अर्धा तास मोकळ्या हवेत राहू द्यावे आणि त्या दिवसापुरती जागा बदलावी. स्लीप किंवा रेस्ट मोडमध्ये यंत्र थोडे गरम राहतेच, म्हणून नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत ते पूर्ण बंद करणे योग्य. तापलेल्या यंत्रावर ओले फडके टाकणे, खाली बर्फ ठेवणे किंवा ते फ्रीजमध्ये घालणे हे अघोरी उपाय आहेत. थंड झालेल्या धातूवर हवेतली वाफ दव होऊन बसते आणि शॉर्ट सर्किट होते. टेबल फॅन वापरायचा असेल तर तो यंत्राच्या मागच्या फटीवर रोखू नये. बाहेर येणारी गरम हवा त्याने परत आत ढकलली जाते. पंख्याचा वारा यंत्राच्या बाजूने आडवा वाहील असा ठेवावा.

कन्सोल ही मध्यमवर्गीय घरात अनेक महिने पैसे जमवून घेतलेली वस्तू असते, आणि जिल्ह्याच्या गावी ती बिघडली तर दुरुस्तीसाठी नागपूर-अमरावती गाठावे लागू शकते. त्यामुळे पालकांनी आणि मुलांनी मिळून एकच सवय लावून घ्यावी. कन्सोलशेजारी भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा आणि तो ३५ च्या वर असेल तेव्हा यंत्र सुरू करू नये.