एका माणसाचे दोन आजार
सप्तव्यसनांचा त्याग आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्यसन सोडायला मनाचा निग्रह लागतो, हे खरंच. पण ज्याचं मनच आजारी, त्याने निग्रह कुठून आणायचा?

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापुढे आला. फ्लोरिडातल्या मायामीत कोकेनमुळे तुरुंग भरले. सुटलेली माणसं पुन्हा पकडली जात. म्हणून 1989 मध्ये तिथे ड्रग कोर्ट सुरू झालं. आरोपीने उपचार घ्यायचे, तपासणी करून घ्यायची, ठरल्या दिवशी न्यायाधीशांपुढे यायचं. शेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीत 1997 मध्ये मनोरुग्णांसाठी वेगळं कोर्ट उघडलं. न्यायाधीश होत्या जिंजर लर्नर-रेन.

पण दोन्ही आजार असलेल्याने जायचं कुठे? व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी डोकं ठीक करा. मनाचे डॉक्टर म्हणतात, आधी नशा सोडा. दोन दारांत हेलपाटे घालते ती आई किंवा बायको. 2004 च्या अमेरिकन कायद्याने अशा दुहेरी रुग्णांना स्पष्टपणे सामावून घेतलं.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 39 आहे. सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यात न्यायालय दोषीच्या संमतीने, शिक्षेऐवजी व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवू शकतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू-अमली पदार्थांशी निगडित मनोवस्था आजारात धरल्या.

प्रायश्चित्ताला आपण तप मानतो, नुसता दंड नव्हे. तेव्हा घरात असं कुणी असेल, तर लाजेपायी एक आजार झाकू नका. वकिलांना हे कलम विचारा, डॉक्टरांना दोन्ही सांगा.