जन्ममहिन्यांची मंडळे आणि माँटगोमेरीचा लढा

चळवळीचा इतिहास आपल्यापर्यंत बहुधा नेत्यांच्या चरित्रांतून येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी आपण बोलू लागलो की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव प्रथम येते, माँटगोमेरी शहरातील बस-बहिष्कार आठवतो आणि तो बहिष्कार म्हणजे किंग यांच्या वाणीचा चमत्कार असे समीकरण मांडले जाते. हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. एखादे भाषण माणसाला एक दिवस पायी चालवील, फार तर एक आठवडा. हजारो कष्टकऱ्यांना वर्षभर चालवायचे तर यंत्रणा आधीपासून उभी असावी लागते. त्या यंत्रणेचा एक मोठा भाग काळ्यांच्या चर्चमधील, विशेषतः बाप्टिस्ट चर्चमधील, लहान लहान मंडळांतून घडला होता. येथे त्या मंडळांचा विचार करावयाचा आहे.

गुलामगिरीच्या काळात काळ्या माणसांनी एकत्र बसणे हाच गुन्हा होता. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाले. पुढच्याच वर्षी अलाबामा राज्याने कायदा केला : पाचांहून अधिक गुलाम पुरुषांनी मळ्याबाहेर जमू नये, पाच प्रतिष्ठित गुलाममालक हजर असल्याशिवाय काळ्या माणसाने धर्मोपदेश करू नये, काळ्याला अक्षरओळख करून देणाऱ्यास २५० ते ५०० डॉलर दंड. सभा, वाणी आणि अक्षर या तिन्हींवर बंदी. मनुस्मृती ठाऊक असणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही लोक रात्री रानात जमत आणि हळू आवाजात प्रार्थना करीत. मंडळांचे मूळ या चोरट्या बैठकांत आहे.

बाप्टिस्ट पंथात बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, आपला पैसा स्वतः सांभाळते. ही रचना काळ्यांना सोयीची ठरली. परंतु या रचनेत आपोआप समता होती असे समजण्याचे कारण नाही. १८४५ साली दक्षिणेतील गोरे बाप्टिस्ट उत्तरेकडील बांधवांपासून फुटले, ते गुलाममालकालाही मिशनरी होता यावे या आग्रहापायी. बायबल एकच होते. वाचणारा कोण, यावर सारे अवलंबून होते. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि काळ्यांनी आपली स्वतंत्र चर्चे उभारली. त्यांच्या आश्रयाने आजाऱ्याला मदत करणारी, मयताचा खर्च उचलणारी मंडळे निघाली. काल ज्याची विक्री होत होती तो आज खजिनदार झाला, हिशेब देऊ लागला, ठराव मांडू लागला. पुढे १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील बहुसंख्य काळ्यांचे मत हिरावून घेतले. तेव्हा त्यांना हात वर करून मत देता येईल अशी जी थोडी ठिकाणे उरली, त्यांत चर्चची बैठक होती.

१८७७ साली माँटगोमेरीतील काही लोकांनी जुन्या मंडळीतून बाहेर पडून दुसरी बाप्टिस्ट मंडळी स्थापन केली. तिच्या पहिल्या उपासना एका गुलाम-व्यापाऱ्याच्या जुन्या कोंडवाड्यात झाल्या. १८७९ मध्ये तिने डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यूवर २७० डॉलरला जागा घेतली. जवळच राज्याचे विधानभवन आहे, जिथे १८६१ साली गुलाममालक राज्यांच्या संघाचा अध्यक्ष म्हणून जेफरसन डेव्हिसने शपथ घेतली होती.

परंतु कोंडवाड्यात जन्मलेली ही मंडळी दोन पिढ्यांत शिकल्या-सवरलेल्यांची झाली. प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर यांचे हे चर्च; मोलकरणी आणि मजूर इतरत्र जात. पाळक व्हर्नन जॉन्स यांनी या प्रतिष्ठितांना व्यासपीठावरून वारंवार फटकारले आणि स्वतः भाजीपाला विकून दाखवला. मंडळीला ते मानवले नाही. त्यांच्यानंतर १९५४ साली पंचविशीतील किंग आले.

सप्टेंबर १९५४ मध्ये किंग यांनी मंडळीपुढे लेखी योजना ठेवली. सर्व सभासदांची बारा मंडळे करावीत, आणि जो ज्या महिन्यात जन्मला त्याने त्या महिन्याच्या मंडळात जावे. प्रत्येक मंडळाने आपले पदाधिकारी निवडावेत, दरमहा बैठक घ्यावी, आपल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी खास वर्गणी द्यावी आणि चर्चच्या वर्धापनदिनी निदान शंभर डॉलर जमवावेत. निधी उभारणे हाही योजनेचा एक उद्देश होता. तथापि आपल्या दृष्टीने या विभागणीत फार मोठा अर्थ आहे. आपल्याकडे जन्म विचारला जातो तो घर, आळी आणि पायरी कळावी म्हणून. येथे जन्म विचारला गेला तो केवळ महिना कळावा म्हणून. मार्च महिन्याला पगार नसतो, पदवी नसते. प्राध्यापक आणि शिपाई एकाच महिन्यात जन्मले तर एकाच मंडळात बसणार.

त्याच योजनेत सामाजिक व राजकीय कृती समिती होती. प्रत्येक सभासद नोंदणीकृत मतदार असलाच पाहिजे, ही तिची भूमिका. अध्यक्षा मेरी फेअर बर्क्स, सहअध्यक्षा जो अ‍ॅन रॉबिन्सन. दोघीही अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका. बर्क्स यांनी १९४६ मध्येच स्त्रियांची राजकीय परिषद स्थापन केली होती. ती चर्चची संस्था नव्हती, पण माणसे बरीचशी तीच. रॉबिन्सन यांना १९४९ मध्ये बसचालकाने आसनावरून हाकलले होते. मे १९५४ मध्ये, म्हणजे बहिष्काराच्या दीड वर्ष आधी, त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या रात्री रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्यासह कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके सायक्लोस्टाइल केली आणि दुसऱ्या दिवशी शहरभर वाटली. पाळकांची बैठक त्या संध्याकाळी डेक्स्टर चर्चच्या तळघरात भरली, तेव्हा पत्रक घरोघर पोचलेले होते. किंग यांच्या योजनेत असे म्हटले होते की नेतृत्व व्यासपीठावरून बाकांकडे उतरते, बाकांवरून व्यासपीठाकडे चढत नाही. पंधरा महिन्यांत त्यांच्याच चर्चमधील बाकांनी हे विधान खोटे ठरवले.

हे केवळ सुशिक्षितांचे कर्तृत्व मात्र नव्हते. जॉर्जिया गिलमोर ही हॉटेलात स्वयंपाक करणारी बाई. तिने मोलकरणी, स्वयंपाकिणी जमवून मंडळ काढले. त्या तळलेली कोंबडी, सँडविच, केक करून विकत आणि पैसे चळवळीच्या सभेत आणून देत. पैसे कुठून आले असे विचारले तर ‘कुठूनच नाही’ म्हणता यावे, म्हणून मंडळाचे नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. गिलमोरने १९५६ मध्ये किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला आणि अधिक निधी कोण आणते याची दोघींत चुरस लागली. प्रवासासाठी घेतलेल्या मोटारी चर्चांच्या नावावर होत्या. लोक त्यांना चाकांवरची चर्चे म्हणत. वाहतूक समितीचे प्रमुख रूफस लुइस हेही डेक्स्टरच्या कृती समितीतलेच. डिसेंबर १९५६ मध्ये लोक बसमध्ये पुन्हा चढले ते हव्या त्या आसनावर बसण्यासाठी.

या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अध्यक्षपद पाळकांकडे, म्हणजे पुरुषांकडे राहिले. बर्क्स व रॉबिन्सन यांनी सरकारी दडपणाखाली १९६० मध्ये कॉलेज सोडले. रॉबिन्सन यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने यायला १९८७ साल उजाडले.

आपले या लढ्याशी नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये पँथरने नाव तिकडून घेतले. आपण तेथून विद्रोह घेतला, ते योग्यच झाले. पण मंडळाची ही शिस्त किती घेतली? विहार आपल्याकडे आहेत, महिला मंडळे आहेत, जयंती समित्या आहेत. त्यांचा हिशेब कोण लिहितो, ठराव कोण मांडतो, स्वयंपाकघरातल्या बाईला माइक किती वेळा मिळतो, हे प्रश्न विचारले पाहिजेत. पोटजातीच्या भिंती तर मंडळांच्या यादीतही दिसतात.

माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर आज महाविद्यालयांत शिकवीत आहेत. डेक्स्टरच्या प्राध्यापकांप्रमाणे आपलेही एक प्रतिष्ठितांचे चर्च तयार होत आहे. बर्क्स आणि रॉबिन्सन यांनाही पगार सरकारच देत होते. कॉलेजचे यंत्र रात्री कशासाठी वापरायचे, हा निर्णय त्यांनी नोकरीची किंमत ओळखूनच घेतला. तो निर्णय एकट्याने घेणे कठीण असते. पाठीशी दहा-बारा माणसांचे मंडळ असले म्हणजे घेता येतो. अशी मंडळे वस्तीवस्तीत उभी करणे आणि त्यांत कोणत्या घरचा हे न विचारता माणसे बसवणे, हे काम कोणत्याही मोठ्या सभेच्या आधीचे आहे.